तिसऱ्या मजल्यावरची शांतता

निवृत्त माणसाने काय करावं याबद्दल जगाचं एकमत आहे. त्याने काही करू नये. मास्तरांच्या बाबतीत हे मत त्यांच्या बायकोने प्रेमाने, लेकाने फोनवरून आणि शेजारच्या नियमकाकांनी फाटकाला टेकून मांडलं होतं. मास्तरांनी तिघांचंही ऐकून घेतलं, चष्मा पुसला, आणि सोमवारी सकाळी कोपऱ्यावरच्या सरकारी शाळेत जाऊन मुख्याध्यापिकाबाईंना म्हणाले, "मला आठवड्यातून एक तास मुलं द्या."

"कशासाठी, सर?"

"भांडायला शिकवायचंय."

बाईंनी त्यांच्याकडे नीट पाहून घेतलं. "सर, ते त्यांना येतं. परवाच एकाने दुसऱ्याची डबी खिडकीतून टाकली."

"ते भांडण नव्हे, बाई. ती फेकाफेक. भांडण म्हणजे समोरच्याचं म्हणणं आधी आपल्या तोंडाने म्हणून दाखवायचं, असं की तो म्हणाला पाहिजे, 'हो, हेच मला म्हणायचंय.' तो 'हो' म्हणाला की मगच आपलं तोंड उघडायचं. आधी त्याचं, मग तुझं."

हा नियम मास्तरांनी स्वतः काढलेला होता. आयुष्यभर मुलांना शिकवून त्यांना एक गोष्ट कळली होती. मुलं एकमेकांचं ऐकत नाहीत कारण मोठी माणसं ऐकत नाहीत, आणि मोठी माणसं ऐकत नाहीत कारण लहानपणी त्यांना कुणी शिकवलं नाही. ही साखळी कुठेतरी तोडायची तर लहान टोकाकडून तोडणं सोपं. मोठ्या टोकाला गंज फार.

बाईंना कल्पना आवडली. बायकांना कल्पना आवडते तेव्हा त्या अडचणी सांगू लागतात, हे मास्तरांना घरच्या अनुभवाने ठाऊक होतं.

"खोली नाहीये, सर. तळमजल्यावर एक आहे, पण तिच्यात मोडके बाक भरलेत. ते निकाली काढायला वरून परवानगी लागते, आणि ती माझ्या आधीच्या मुख्याध्यापकांच्या काळापासून यायची आहे. वर तिसऱ्या मजल्यावर जुनी विज्ञानखोली आहे. पण तीन जिने, सर. तुम्हाला झेपेल?"

हा शेवटचा प्रश्न बाईंनी काळजीने विचारला होता. पण काळजी आणि अपमान यांत एका वयानंतर फारसा फरक राहत नाही. मास्तर ताठ झाले. "बाई, जिने माझ्या पायांना तोंडपाठ आहेत."

"आणि एक अट. धर्म आणि राजकारण सोडून कुठलाही विषय घ्या."

"अर्थात," मास्तर म्हणाले. जगात या दोन्हींच्या बाहेर पुष्कळ विषय आहेत अशी त्यांची त्या सोमवारपर्यंत समजूत होती.

पहिल्या शनिवारी पायांची पाठांतराची बढाई उघडी पडली. पहिल्या मजल्यावर मास्तरांनी सूचनाफलक वाचायचं नाटक केलं. दुसऱ्यावर पचनसंस्थेचं चित्र टांगलेलं होतं, त्यातल्या आतड्यांची वळणं त्यांनी मोठ्या रसिकतेने न्याहाळली. तिसऱ्यावर पाहण्यासारखं काहीच नव्हतं. ते थेट वर्गात शिरले तेव्हा छातीत लोहाराचा भाता चालू होता आणि वर्गात बाजार. "बसा" म्हणायला तोंड उघडलं तर नुसती वाफ. मग त्यांनी एक हात वर केला, खुर्चीत बसले आणि डोळे मिटले.

मुलं चमकली. म्हातारा ओरडत नाही म्हणजे काहीतरी गंभीर आहे असं वाटून एकेक गप्प झालं. खोलीत अशी शांतता पसरली की खाली मैदानातला चेंडूचा टप्पा ऐकू येऊ लागला. भाता हळूहळू थांबला. मास्तरांनी डोळे उघडले आणि जणू हे सगळं ठरलेलंच होतं अशा आवाजात म्हणाले, "हं. आता बोलू या."

पुढच्या शनिवारी ते दारात उभे राहिले तोच मुलांनी आपणहून हात वर केले आणि डोळे मिटले. त्यांना वाटलं, हा वर्गाचा भाग आहे. मूल एखादी चांगली गोष्ट गैरसमजाने करत असेल, तर गैरसमज दूर करणारा शिक्षक अजून जन्मायचा आहे. मास्तर निमूट खुर्चीत बसले आणि दम खाल्ला.

वर्ग झकास चालला. कोपऱ्यात विज्ञानखोलीचा जुना सांगाडा लटकत होता, एक हात गमावलेला. मुलांनी त्याला अध्यक्ष केलं. तो कुणाच्या बाजूने हसत नव्हता, मध्ये बोलत नव्हता आणि समारोपाचं भाषण करत नव्हता. इतका चांगला अध्यक्ष मोठमोठ्या सभांनाही लाभत नाही.

घोटाळा झाला तो विषयांचा. पहिला विषय निरुपद्रवी होता: शाळेतलं पिण्याचं पाणी थंड असावं का? पाचच मिनिटांत एक मुलगी म्हणाली की थंड पाण्याचं यंत्र द्यायचं वचन गेल्या निवडणुकीत कुणीतरी दिलं होतं. दुसरी म्हणाली, ते त्यांनी नाही, समोरच्यांनी दिलं होतं. मास्तरांनी घाईघाईने विषय मिटवला. पुढच्या वेळी घेतलं, शाळेच्या भिंतीला कोणता रंग द्यावा? मास्तरांना आपल्या हुशारीचं कौतुक वाटत होतं. पण एकाही पक्षाने अजून न घेतलेला रंग शोधता शोधता तास संपला, आणि शेवटी उरला तो शेवाळाचा रंग. तो भिंतीला होताच. त्याच आठवड्यात शाळेतलं मांजर मेलं, आणि मांजर मेल्यावर कुठे जातं या प्रश्नाने दुसरी अटही पाण्यात गेली.

मग चष्मेवालीने हात वर केला. ही बाजारातल्या औषधवाल्याची मुलगी. चष्मा नाकावर खाली, प्रश्न जिभेवर वर. "सर, ज्या दोन गोष्टींवर बोलायचं नाही, त्यांवर शाळेत बोलावं की बोलू नये, यावर बोललं तर चालेल?"

मास्तरांनी विचार केला. अट मोडत होती की पाळली जात होती, हे त्यांनाही ठरवता येईना. त्यांनी अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्षांनी हरकत घेतली नाही.

तो तास मास्तर जन्मात विसरले नसते. एक मुलगा म्हणाला, शाळेत देवाचं काढू नये, कारण घरी काढलं की आजी रडते आणि आजोबा उठून जातात. त्याच्याविरुद्ध बोलणाऱ्या चष्मेवालीने आधी त्याचं म्हणून दाखवलं. "तुझं म्हणणं असं की घरातली माणसं दुखावतात." तो म्हणाला, "नाही." ती थांबली. पुन्हा म्हणाली, "तुझं म्हणणं असं की घरात आधीच दुखावलेली आहेत, त्यात तुला आणखी एक जागा नकोय दुखायला." मुलाने मान हलवली आणि खाली पाहिलं. मग बराच वेळ तिला आपलं म्हणणं मांडायचंच सुचेना. त्या संध्याकाळी जिना उतरताना मास्तरांना दम लागला नाही. खरं तर उतरताना लागतच नसतो, पण त्यांनी त्याचं श्रेय तासाला दिलं.

तक्रारी सोमवारी आल्या. एक नव्हे, दोन. आणि दोन्ही त्या विषयाबद्दल नव्हत्या. त्या शांततेबद्दल होत्या.

औषधवाला दुकान उघडायच्या आधी बाईंच्या खोलीत हजर झाला. "मुलं हात वर करतात, डोळे मिटतात, आणि कुणाचं नाव घेत नाहीत. प्रार्थनेतून देव काढून घेतलाय, बाई. नुसतं कवच ठेवलंय. हे मुद्दाम चाललंय."

तो जिना उतरतो न उतरतो तोच एका मुलाची आई आली. ही विम्याची एजंट. पुढे काय वाईट घडेल हे माणसांना पटवून देण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलेलं. "हात वर, डोळे बंद. ही प्रार्थना नाही तर काय आहे? फक्त नाव लावलेलं नाही. आज नाव नाही, उद्या लावतील. सरकारी शाळेत हे चालणार नाही."

बाईंनी मास्तरांना बोलावलं. "सर, ती शांतता नेमकी कशासाठी आहे?"

मास्तरांच्या ओठांवर खरं उत्तर आलं होतं. पण पाठोपाठ तीन जिने आले, "झेपेल का" आलं, आणि मोडक्या बाकांनी भरलेली ती कुलूपबंद खोली आली. खरं सांगितलं तर बाई काळजीने हात जोडतील, आणि काळजीने बंद झालेला वर्ग पुन्हा उघडत नाही. रागाने बंद झालेला एक वेळ उघडतो.

"एकाग्रतेसाठी," ते म्हणाले. आणि त्या एका शब्दाने पुढचं सगळं रामायण घडलं.

बाईंनी तो शब्द वरच्या कार्यालयात कळवला. कार्यालयातून साहेबांनी विचारणा केली की ही शांतता कोणत्या सदरात धरायची? मूल शाळेत अधिकृतपणे तीनच कारणांनी गप्प बसू शकतं: प्रार्थना, परीक्षा आणि व्यायाम. चौथ्या प्रकारची शांतता आजवर कुणी कळवलेली नाही.

"व्यायाम लिहा," नियमकाका फाटकाला टेकून म्हणाले. त्यांची सगळी हयात कुठल्याशा कचेरीत गेली होती आणि नियम त्यांच्या अंगात मुरले होते, जसं लोणच्यात मीठ. "श्वसनाचा व्यायाम. व्यायामावर कोणाच्या बापाची हरकत? देवभक्तही श्वास घेतो, नास्तिकही घेतो."

मास्तरांना सल्ला पटला. शिवाय तो जवळजवळ खरा होता, ही त्यातली गंमत फक्त त्यांनाच ठाऊक होती. त्यांनी व्यायाम कळवला. उलट टपाली उत्तर आलं: व्यायाम घेणारा इसम शारीरिकदृष्ट्या सक्षम असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडावा.

"हां, तो नियम आहे," नियमकाका समाधानाने म्हणाले. "मला आठवलाच नाही."

दाखल्यासाठी मास्तर डॉक्टरांकडे गेले, तेव्हा बायको बरोबर होती. तिला न नेण्याचा प्रयत्न त्यांनी केला होता, पण "दाखलाच आणायचाय ना, मग मी आले तर बिघडलं कुठे?" या वाक्यापुढे आजवर कुणाचं चाललेलं नाही. डॉक्टरांनी छातीला नळी लावली, पाठीला लावली, पुन्हा छातीला लावली. हा डॉक्टर लहानपणी मास्तरांच्याच वर्गात पाढे चुकत असे. त्यामुळे तो चुकत असेल अशी आशा मास्तरांना होती.

"सर, जिने वगैरे चढता का?"

"अधूनमधून."

"बंद करा. एकेक मजला, तोही सावकाश, बसत बसत. तीन मजले तर नावच काढू नका. आणि व्यायामाचा दाखला मी नाही देणार, सर. तुम्हीच शिकवलंय, खोटं लिहू नये."

घरी येताना बसथांब्याच्या बाकापाशी आल्यावर बायको थांबली. "अहो, म्हणजे ती शांतता..."

"हो."

"ती प्रार्थना, तो देव काढला, ती एकाग्रता..."

"हो गं."

ती बाकावर बसली आणि हसत सुटली. पदराने डोळे पुसले, पुन्हा हसली. मग हसता हसता थांबली आणि तिने त्यांचा हात धरला. "सांगून टाका ना त्यांना."

"सांगितलं तर वर्ग जाईल."

"आणि नाही सांगितलं तर तुम्ही जाल."

"एवढं नाही गं. जिन्यात नेहमी थांबतो मी. आतडी पाहतो."

"कोणाची?" ती घाबरून म्हणाली.

दाखला मिळाला नाही, म्हणून व्यायाम रद्द झाला. व्यायाम रद्द झाला, म्हणून शांतता पुन्हा सदराविना पोरकी झाली. आणि पोरक्या गोष्टीचा निकाल लावायला सभा बोलावतात, तशी एका शनिवारी शाळेच्या तळमजल्यावरच्या दालनात सभा बोलावली गेली. साहेब स्वतः येणार होते. सभेपुढे प्रश्न एकच होता: वर्ग चालू ठेवायचा की बंद करायचा.

दालनात मोठ्यांसाठी खुर्च्या नव्हत्या. सगळे मुलांच्या बाकांवर गुडघे हनुवटीला लावून बसले होते. अशा अवस्थेत माणसाचा आवाज उगीचच चढतो. वर्गातली मुलं भिंतीलगत बसली होती. त्यांच्याबद्दल बोलायचं तर त्यांना बाहेर का काढायचं, असं बाईंनीच म्हटलं होतं. मास्तरांच्या शेजारी त्यांची बायको होती, तिच्याशेजारी नियमकाका. ते कुणी बोलावल्याशिवाय आले होते, कारण सभेला उपस्थित राहण्यास मनाई करणारा नियम नव्हता.

औषधवाला उभा राहिला. पाठोपाठ एजंटबाई. एकाने सांगितलं की ही देवहीन प्रार्थना आहे, दुसरीने सांगितलं की ही छुपी प्रार्थना आहे. दोघं एकमेकांकडे पाठ करून उभे होते आणि दोघांनाही वर्ग बंद हवा होता.

साहेब खूश झाले. "म्हणजे दोन्ही बाजूंची एकवाक्यता आहे. असं क्वचित घडतं. मग हरकत नसेल तर..."

मास्तर उठले. रात्रभर मनात रचलेलं शांत, समतोल भाषण त्यांच्या डोक्यातून पाखरासारखं उडून गेलं. "हरकत आहे! तुम्हाला दोघांनाही एकच भीती आहे. पोरांनी विचार करायला नकोय तुम्हाला. तुमच्या घरी जे शिळंपाकं आहे तेच त्यांनी मुकाट गिळावं, आणि..."

भिंतीलगत एक हात वर झाला. चष्मा नाकावर खाली.

"सर, तुम्ही त्यांचं म्हणून दाखवलं नाहीत."

दालनात कुणीतरी खोकलं. पुष्कळ मुलांना मास्तरांनी आजवर चुका दाखवल्या होत्या. पण स्वतःच्या नियमाचा टोला स्वतःच्या टाळक्यात बसतो तेव्हा तो किती नेमका बसतो, हे त्यांना त्या क्षणी कळलं. ती औषधवाल्याची मुलगी. बापाच्या बाजूने बोलत नव्हती, मास्तरांच्या बाजूनेही नव्हती. नियमाच्या बाजूने होती.

"बरोबर आहे तुझं," ते म्हणाले. ते औषधवाल्याकडे वळले. "तुमचं म्हणणं असं, की मी मुलांचा देव काढून घेतोय."

"नाही," औषधवाला म्हणाला, आणि आपणच तसं म्हणालो होतो हे आठवून गोंधळला. "म्हणजे, तसं म्हणालो. पण ते नाही."

"मग असं, की मुलं प्रश्न विचारतात ते तुम्हाला आवडत नाही."

"नाही! विचारू दे की."

मास्तर त्याच्या समोरच्या बाकावर बसले. गुडघे हनुवटीला. "मग सांगा. मी ऐकतो."

औषधवाला मुलीकडे पाहत नव्हता. "परवा जेवताना हिने विचारलं, बाबा, आपण हे असंच का मानतो? मला माझ्या वडिलांनी सांगितलं म्हणून मी मानतो. त्यांना त्यांच्या. त्यापलीकडे मला ठाऊक नाही, मास्तर. कुठली गोळी कशावर चालते ते विचारा, सांगतो. मी तिला म्हणालो, गप्प जेव. तेव्हापासून ती गप्प जेवते. इथे मात्र बोलते. हसते सुद्धा, म्हणे."

दालनात आता ओळखीची शांतता पसरली.

"तुमचं म्हणणं असं," मास्तर हळू म्हणाले, "की मूल कुठेतरी निघालंय, आणि जिथे निघालंय तिथे तुम्हाला कुणी बोलावलेलं नाही."

औषधवाल्याने मान हलवली. भिंतीलगत चष्मेवालीने चष्मा काढला आणि फ्रॉकच्या टोकाने पुसत राहिली.

"आता तुमची पाळी," मास्तर त्याला म्हणाले. "एजंटबाईंचं म्हणून दाखवा."

"माझी? मी कशाला?"

"नियम आहे," नियमकाका म्हणाले. त्यांना तो नुकताच कळला होता, पण नियम दिसला की त्यांना राहवत नसे.

औषधवाला एजंटबाईंकडे वळला. "तुमचं म्हणणं, तुम्हाला देव नको."

"नाही."

"दुसऱ्यांना असलेला नको."

"नाही हो." तिने पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळला. "माझ्या लहानपणी शाळेत रोज प्रार्थना असायची. आमच्या घरात ती नव्हती. म्हणून मला दाराबाहेर उभं करायचे. आतून आवाज यायचा, सगळे एका सुरात. मग आत घ्यायचे आणि सगळे वळून बघायचे. अजून कुणी हात वर करून डोळे मिटले की मला ते दार दिसतं."

"तुमचं म्हणणं असं की तुमच्या पोराला दाराबाहेर उभं करू नये कुणी," औषधवाला म्हणाला. "हे... हे मलाही वाटतं."

"फक्त त्यांचं," चष्मेवाली भिंतीजवळून म्हणाली. "आपलं नंतर, बाबा." बाप इतका ओशाळला की हसला.

एजंटबाईंनी मान हलवली. मग दोघांनी, साहेबांनी, बाईंनी, सगळ्यांनी मास्तरांकडे पाहिलं. बाईंनीच विचारलं, "सर, आता तुमचं. ती शांतता कशासाठी होती?"

बायकोने उठून येऊन त्यांना कोपराने हलकंच ढोसलं.

"दम लागायचा," मास्तर म्हणाले.

"कसला दम?" साहेब म्हणाले.

"जिन्यांचा. तीन जिने चढून आलो की बोलता यायचं नाही. मी हात वर केला तो 'थांबा' म्हणायला. डोळे मिटले कारण चक्कर यायची. पोरांना वाटलं, असंच करायचं असतं. त्यात देवही नव्हता, देवाचा अभावही नव्हता. नुसता एक म्हातारा होता."

आधी मुलं हसली. मग एजंटबाई, मग औषधवाला, आणि बाकात अडकलेला माणूस हसतो तेव्हा बाकही हसतो, तसं सगळं दालन करकरलं. मास्तरांचे कान लाल झाले. इतक्या लोकांपुढे त्यांचा मान इतका पूर्णपणे कधी गेला नव्हता, आणि गंमत म्हणजे तो गेल्यावर छाती हलकी वाटत होती.

बाई मात्र हसत नव्हत्या. "मला सांगितलं का नाहीत, सर?"

"तुमचं म्हणणं असं," मास्तर म्हणाले, "की मी तुमच्यावर विश्वास ठेवायला हवा होता."

"हो," बाई म्हणाल्या, आणि मग त्याही हसल्या.

साहेबांनी घसा साफ केला. शांततेचं कारण दम असेल तर ती प्रार्थना नव्हे, व्यायाम नव्हे, परीक्षाही नव्हे, सबब कार्यालयाचा तिच्याशी संबंध नाही. वर्ग चालावा. जे विषय पालकांना टोचतात त्यांवर मुलं बोलणार असतील, तर ज्यांना टोचतं ते पालक मागच्या बाकावर येऊन बसू शकतात. "पण सरांना तिसऱ्या मजल्यावर मी जाऊ देणार नाही," ते म्हणाले. "काही झालं तर त्याचं सदर कुठलं?"

"खाली एकच खोली आहे," बाई म्हणाल्या, "आणि तिच्यातले बाक निकाली काढायला..."

"निकाली काढायला परवानगी लागते," नियमकाका उभे राहिले. हा त्यांच्या आयुष्यातला क्षण होता. "हलवायला लागत नाही."

दुसऱ्याच दिवशी, सुट्टी असूनही, मोडके बाक जिन्यावरून वर निघाले. एका बाकाचं पुढचं टोक औषधवाल्याने धरलं होतं, मागचं एजंटबाईंनी. वळणावर तो म्हणायचा "माझ्याकडे," ती म्हणायची "नाही, माझ्याकडे," आणि मग दोघं थांबून आधी एकमेकांचं म्हणून दाखवायचे. त्यामुळे इतरांचे तीन बाक होईपर्यंत यांचा एक होई. वरून खाली एकच गोष्ट आली: अध्यक्ष. त्यांना पोरांनी हातावर झेलत आणलं, अगदी सावकाश, मजल्यामजल्याला बसवत. डॉक्टरांनी तसं सांगितलं होतं, असं मास्तरांच्या बायकोने त्यांना सांगितलं.

पुढच्या शनिवारी मास्तर तळमजल्यावरच्या नव्या वर्गात शिरले, तेव्हा दम लागलेला नव्हता. आवाज खणखणीत होता, विषय तयार होता. मागच्या बाकावर एजंटबाई बसलेल्या होत्या. औषधवाल्याची जागा रिकामी होती.

"हं, तर मुलांनो..." मास्तर सुरू झाले.

सगळ्या वर्गाने हात वर केले आणि डोळे मिटले.

"अरे, आता त्याची गरज नाही. मी खालीच आहे."

कुणी डोळे उघडले नाहीत. एजंटबाईंनी खिडकीबाहेर पाहिलं आणि हात मांडीवर ठेवले. त्यांची शांतता डोळे उघडे ठेवून होती, आणि त्यांना कुणी वळून पाहिलं नाही. मास्तर खुर्चीत बसले. छातीत श्वास मुबलक होता आणि त्याचं करायचं काय ते सुचत नव्हतं. पोरांना या मिनिटभराच्या शांततेत नेमकं काय मिळतं, हे त्यांनी कधी विचारलंच नव्हतं. ते स्वतःच्या भात्यात गुंतले होते.

तेवढ्यात दार ढकलून औषधवाला आत आला. दुकानात गिऱ्हाईक अडकलं असावं. तो रस्ताभर पळत आला होता. घामाघूम, शर्टाच्या खिशात गोळ्यांची पाकिटं, छातीत लोहाराचा भाता. "माफ... माफ करा... मी..." त्याच्याने पुढे बोलवेना. तो मागच्या बाकावर धपकन बसला.

मास्तरांनी घड्याळाकडे पाहिलं. मिनिट कधीच संपलं होतं. पण पुढच्या बाकावरच्या चष्मेवालीने मिटलेले डोळे उघडले, मान वळवून बापाकडे पाहिलं, आणि खाली येऊ लागलेला आपला हात पुन्हा वर नेला. तिचं पाहून सगळ्या वर्गाचे हात वर राहिले. खोली तशीच थांबली, जोवर मागच्या बाकावरचा भाता हळू, आणखी हळू होत थांबला नाही तोवर.

"झालं, बाबा?" तिने विचारलं.

त्याने मान हलवली.

"सर, आता बोलू या," ती म्हणाली.